तिमाही वाचन

एरंडवण्यात, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
दर तिमाहीला कुरिअरने छात्या येतात.
म्हणजे छातीवर लावायचे बॅज. पण आम्ही असंच म्हणतो,
मी आणि ठकार सर: आज किती छात्या आल्या?
हडपसरच्या हॉस्पिटलच्या बेचाळीस,
चिंचवडच्या दातांच्या डॉक्टरांकडच्या सात,
भोसरीच्या वेल्डिंग तपासणाऱ्या कंपनीच्या अकरा.

कार्डात तीन चकत्या, सदऱ्याच्या बटणासारख्या,
पांढऱ्या. एक धातूआड, एक प्लास्टिकआड,
एक उघडी.
किरण आरपार गेला की स्फटिकातला
एखादा इलेक्ट्रॉन जागचा उठतो
आणि परतताना खड्ड्यात अडकतो.
बसून राहतो. तीन महिने. वेळ पडली तर वर्षं.
एप्रिलच्या उन्हात तापलेली पत्र्याची शेड
त्याला सोडवू शकत नाही.

मी गरम वायूचा झोत देते, दोनशे पंच्याऐंशी अंश,
तेव्हा तो सुटतो.
सुटताना पडणारा उजेड मी आजवर पाहिलेला नाही.
तो अंधारातल्या नळीला दिसतो.
मला दिसते रेघ. चढते, उतरते,
बहुतेकांची तळजाईच्या चढाइतकी,
दम लागत नाही.

लहू खरमाटे, कार्ड एकतीस.
रात्रपाळीला इरिडियम लावून बॉयलरचे जोड तपासतो,
आणि सलग सात तिमाह्या त्याचं कार्ड
माझ्या कपाटातल्या कंट्रोल कार्डाइतकंच कोरं.
म्हणजे आभाळातून येतं तेवढं,
जमिनीतून येतं तेवढं. आमचा काळा कातळ तसा मितभाषी.
ठकार सर म्हणाले, काळजी घेत असेल माणूस.
मी काही बोलले नाही.
कार्डाच्या पाकिटावर तेलाचा एक डाग नव्हता.
क्लिप कधी कुठे चावलेलीच नव्हती.

आठव्या तिमाहीला रेघ चढत गेली,
पडद्याने मोजपट्टी दोनदा बदलली.
मी खुर्ची मागे सरकवली.
पुढची कार्डं त्या दिवशी वाचली नाहीत.

तो आला, दोन बस बदलून,
हातात डबा, रात्रपाळीचे डोळे.
भिंतीवरची पाटी वाचत उभा राहिला:
बॅज धुऊ नये. बॅज वाकवू नये. बॅज दुसऱ्यास देऊ नये.
मग म्हणाला, मॅडम, परत एकदा वाचा की.

वाचणं म्हणजेच पुसणं,
हे सांगण्यापेक्षा करून दाखवलं.
तीच चकती, तोच झोत.
रेघ जमिनीला चिकटून गेली.
बघा, तो हसला, काहीच नाही.

मग बसला. चहा घेतला नाही.
लॉकरला असतो माझा बॅज, म्हणाला.
आकडा भरला की सोर्सपासून लांब बसवतात,
नाइट अलाउन्स जातो, पोरीची फी राहते.
ह्या खेपेला हाताखाली नवीन पोरगं दिलं, गेवराईचं.
त्याला शिकवायचं म्हणून लावला.
असा लावायचा. इथं. काढायचा नाही.
मंग त्याच्यादेखत काढता येईना.

म्हणजे सात तिमाह्या मी एक लॉकर वाचत होते.
लोखंडाची निरोगी छाती,
खाली शिक्का, शेजारी माझी सही.
आणि ज्या छातीवर तो नव्हता
तिला झोत देऊन विचारायची सोय नाही.

आकडा मी लिहिला. दशांशासकट.
त्याने तो टेबलापलीकडून, उलटा, वाचला.
ओठ हलले, पण हुज्जत घातली नाही.
विचारलं, बत्तीस नंबर झाला का?

ट्रेमध्ये होता, तसाच.
मशीन तापायला वीस मिनिटं लागतील, मी म्हटलं.

थांबतो, म्हणाला,
आणि डबा पायाशी ठेवला.