जोडसत्र

एकतीस वर्षं मी मेळा स्थानकावर
गाड्यांच्या वेळा लावल्या.
निवृत्त झालो त्या जूनमध्ये गायधनी बाई म्हणाल्या,
आमच्या परिषदेचं वेळापत्रक बघाल का, तात्या?
पाच विभाग आहेत आणि पाचही रुसलेले.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, टेबल टेनिसच्या खोलीत
जाळी सोडून हिरव्या टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या.
मातीच्या तपकिरी, कीटकांच्या पिवळ्या,
हवामानाच्या निळ्या, बुरशीच्या पांढऱ्या,
आणि सांख्यिकीला रंग उरला नाही म्हणून
जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू.
एकशे बेचाळीस निबंध, चार दालनं, अडीच दिवस.
पंखा लावायचा नाही,
एवढा एकच नियम मी केला.

माणसं आली आपापली वही छातीशी धरून.
कोठावदे सरांना दुसऱ्या दिवशीचे साडेदहा हवे होते.
शिरसाठांनाही तेच.
जेवणानंतरचं कुणालाच नको,
तेव्हा लोक ऐकत नाहीत, पचवतात, असं बोरस्ते म्हणाले.
शेवटच्या दुपारचं नाव काढलं
की सगळ्यांना पुण्याची गाडी आठवायची.

मला बुरशीतलं काही कळत नाही.
डावणी माहीत आहे ती पिंपळगावच्या मेव्हण्याच्या बागेतली,
पानाखाली पांढरी लव,
आणि बोलता बोलता एकदम गप्प झालेला मेव्हणा.
पण वेळापत्रक मला वाचता येतं.
नऊ वर्षांच्या छापील पुस्तिका मागवल्या,
बोट ठेवून खाली खाली सरकत गेलो
आणि एका ओळीवर थांबलो.

दालन दोन, पानावर दव किती तास टिकतं, वि. शिरसाठ.
दालन तीन, ओल्या पानावर डावणी कधी उगवते, तहसीन पठाण.
अकरा वाजून वीस मिनिटं.
पुढच्या वर्षी वेळ बदलली, दोघांचीही बदलली.
त्याच्या पुढच्या वर्षीही.
नऊ वर्षं मधे एक भिंत,
अलीकडे तो तास मोजतोय,
पलीकडे ती विचारतेय, तास कुठून आणू.

आमच्याकडे याला म्हणत, मेळ चुकला.
सटाण्याची गाडी फलाटाला लागते
तेव्हा त्र्यंबकची नुकतीच वळणावरून दिसेनाशी झालेली.
दोन्ही वेळेवर. कुणावर शेरा मारता येत नाही.
फक्त बाकावर एक बाई,
पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

मी निळी चिठ्ठी उचलली, पांढरीला लावून ठेवली.
बोरस्ते म्हणाले, चहाचा खर्च कुणाच्या खात्यात?
शिरसाठ म्हणाले, अध्यक्ष आमचा.
कोठावदे म्हणाले, मग आमच्या तुडतुड्यांनी काय घोडं मारलंय?
दोन तास गेले. चिवडा संपला.
कुणीतरी सवयीनं पंख्याचं बटण दाबलं
आणि अर्धा शुक्रवार टेबलाखाली गेला.
गुडघ्यांवर बसून सगळे गोळा करत होते,
मातीवाले बुरशीच्या, बुरशीवाले हवामानाच्या,
तेवढ्यात मी जोडसत्र लिहून टाकलं
जी जागा कुणालाच नको होती तिथं,
शेवटचा दिवस, पावणेचार, लहान दालन,
जिथला माइक हातानं दाबून धरावा लागतो.

अकरा माणसं आली.
मी बारावा, दाराशी, घड्याळ बघत.
पठाण बाईंनी आलेख दाखवला,
रेघ मधेच तुटलेली.
इथं माझ्याकडे आकडे नाहीत, म्हणाल्या, साधेपणानं.
शिरसाठ उठले, कुणाला न विचारता फळ्याशी गेले
आणि खडूनं लिहू लागले,
पाठ आमच्याकडे, कोपर हलतंय,
शर्टाचं एक टोक बाहेर.

सव्वापाचला शिपाई किल्ल्या वाजवत आला.
मी म्हटलं, थांब रे, अजून चढतायत.

शिरसाठांची पुण्याची गाडी त्या दिवशी गेलीच.
साडेआठच्या एसटीत त्यांना बसवून दिलं मी,
खिडकीची जागा,
मांडीवर तिचे कागद.