चौथं टोक

करमानशाहच्या हिवाळ्यात फेरिक क्लोराइड गोठत नाही,
नुसतं हट्टाला पेटतं. तांबं खायला वेळ लावतं.
सुपात गहू घोळावेत तसा मी ट्रे हलवत बसतो
आणि नश्मील दर दोन मिनिटांनी विचारते,
"उतरलं का, उस्ता?"
उतरेल, पोरी. घाई केली तर कडा कुरतडतील,
आणि कडा गेल्या की तुझा तीन महिन्यांचा हिशेब गेला.

तिला एक चौकट हवी आहे, काडेपेटीहून लहान.
चार भुजा, चार टोकं.
एका टोकातून लहर आत सोडायची.
समोरच्या दोघांत ती निम्मी निम्मी वाटली जावी,
पण एकीनं दुसरीच्या पाव फेरा मागून चालावं,
भांडण झालेली नवरा-बायको बाजारातून परततात तशी.
आणि चौथ्या टोकाशी
काही म्हणजे काहीच पोचू नये.

पुस्तकातली चौकट तळहाताएवढी असते.
आमच्याकडे चांगल्या पाटीचा एकच तुकडा उरलाय,
पोस्टकार्डाएवढा. कुणाचा तरी मेहुणा
दुबईहून बॅगेत शर्टांखाली घालून घेऊन आला होता.
त्यात चार चौकटी बसवायच्या,
शिवाय दोन जागी एका वाटेनं दुसरीला
अंगाला अंग न लावता ओलांडायचं.
म्हणून ती सरळ रेषांना घड्या घालते,
मधेच आखूड शेपट्या काढते.
(शेपट्या हा माझा शब्द. तिचा फार लांब आहे.)

आणि हे सगळं दोनदा खरं ठरायला हवं:
नऊशेवर एकदा, चोवीसशेवर एकदा.
त्याच तांब्यावरून दोघी जाणार,
दोघींना वाटलं पाहिजे, ही वाट माझ्याच मापाची.

मी म्हटलं, "तू नाही का, आईशी कुर्दीत
आणि इथे साहेबांशी फारसीत? तोंड तर एकच."
ती हसली. "तोंडाला ट्यून करावं लागत नाही, उस्ता."
माझ्या तोंडाला करावं लागलं होतं.
पहिलीत. छडीनं.
ते मी बोललो नाही. ट्रे हलवत राहिलो.

दुपारी मशीन तापलं. तिनं केबल जोडल्या.
खालचा बँड नेमका जागेवर बसला.
वरचा घसरून तेवीसशे दहावर.
कॉम्प्युटरनं तर शपथेवर चोवीसशे सांगितलं होतं!
ती काही बोलली नाही. हातमोजे काढले,
माझ्याकडून ब्लेड मागितलं,
आणि भिंगाखाली एकेका शेपटीचं टोक
नखाच्या चंद्राएवढं छाटत गेली.
छाटलं, मोजलं. छाटलं, मोजलं.
पडद्यावरची दरी पायरी पायरीनं उजवीकडे सरकली.
एकदा हात चुकला. तेव्हा जी शिवी आली
ती कुर्दीतच आली.

संध्याकाळी गच्चीवर, चार अँटेना एका ओळीत,
काही न वळवता, काही न हलवता.
पहिल्या टोकाला सिग्नल दिला तर शलाका परावच्या कड्याकडे,
तिसऱ्याला दिला तर साखर कारखान्याच्या धुराड्यावर.
प्रोफेसर कामियारी मफलर सावरत म्हणाले, "छान,
आता पेपर लिही."
ती मात्र पश्चिमेकडे तोंड करून उभी होती.
तिकडे डोंगरापलीकडे तिची मावशी राहते.
जमीन हलली त्या आठवड्यात
तिचा फोन नऊ दिवस नुसता वाजतही नव्हता.

खाली येऊन मी विचारलं, चौथ्या टोकाला किती आलं?
"उणे सत्तावीस," ती म्हणाली, बक्षीस मिळाल्यासारखी.
"म्हणजे काहीच नाही?"
"पाचशेतला एक भाग. तेवढा येतोच.
शून्य फक्त कागदावर."
मग तो जातो कुठे?
तिनं पितळेचं इवलंसं टोपण दाखवलं:
"ह्याच्यात जिरतो. उष्णता होऊन."

ती गेल्यावर मी टोपणाला बोट लावून पाहिलं.
गारच होतं.
बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.