विषय क्रमांक नऊ

टॉर्सबी, मिनेसोटा. मंगळवार. इतिवृत्त मी लिहीत होते.
विषय नऊ: अकरा चौकांना सिग्नलयंत्रं,
अग्निबंब येताना दिसला की हिरवी होणारी.
निविदा एकच. दर चढा.
"पुढच्या वर्षी बघू,"
कुणी कॉफी ढवळत म्हणालं.

ऑर्विल टॉफ्ट उठला,
सव्वीस वर्षं रुग्णवाहिका हाकलेला.
"घड्याळ बघा," म्हणाला,
आणि नुसता उभा राहिला.

खुर्ची करकरली.
बाहेरून बर्फ खरवडणारा ट्रक गेला.
कुणाला तरी खोकला आला, त्याने तो दाबला.

"नव्वद सेकंद. तिसऱ्या रस्त्याचा लाल."

चार विरुद्ध तीन. मंजूर.
गप्प बसण्याला इतिवृत्तात रकाना नाही;
मी एक ओळ कोरी सोडली.

घरी जाताना, निर्मनुष्य चौकात,
त्याची गाडी माझ्यापुढे उभी होती,
लाल संपेपर्यंत.