घासू नये

मत्राहच्या सूकात, लोबानवाल्याला लागून
खल्फानची खिडकी. खिडकीच.
दुकान म्हणावं एवढी ती नाही.
हिशेब लिहायला लागलो त्याच आठवड्यात
एक राणीछाप रुपया मी चिंचेनं घासून ठेवला.
कुणी सांगितलं नव्हतं. हात रिकामे होते,
आणि आमच्याकडे काळी चांदी
पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

लख्ख झाला.
राणीच्या केसांत बसलेली सगळी वर्षं
कोळाबरोबर मोरीत गेली.

खल्फाननं उचलला, उजेडात धरला,
दोनदा फिरवला
आणि मोडीच्या तागडीत टाकला.
अकरा ग्रॅम आणि वर थोडं:
एवढंच त्याचं नाव उरलं.
"बेडणेकर," तो म्हणाला
(अरबीत प नाही; इथे पैशाचा बैसा होतो,
पेडणेकरचा बेडणेकर),
"धुवायचंच असेल तर माझी दिशदाशा धू."

तो रुपया मी पगारातून घेतला, मोडीच्या भावानं.

मग शिकलो. भिंग डोळ्यात रुतवून
टिंब शोधायला शिकलो, सालाच्या खाली.
टिंब असलं तर मुंबईची टांकसाळ, नसलं तर कलकत्त्याची.
शाळेत टिंब चुकलं तर छडी बसायची.
इथे एका टिंबावर खोलीचं भाडं निघतं.

एकोणीसशे अकराच्या राजाच्या अंगावरचा हत्ती
लोकांना डुक्कर दिसला. बोभाटा झाला,
नाणी परत मागवली, वितळवली.
ज्यांनी आळसानं परत केली नाहीत
त्यांची नातवंडं आता फोन करून भाव विचारतात.
आणि ती जाड गळ्याची फिरंगी राणी,
सतराशे ऐंशीची. ती मेली तरी
तिचं साल मेलं नाही, पुढची कितीक वर्षं
तेच साल ठोकत राहिले.
म्हणून साल वाचायचं नाही,
तिच्या ब्रोचवरचे मोती मोजायचे.

गुरुवारी निझवाकडून शम्सा आली.
फडक्यातून हार काढला: पोवळी, दोन फिरंगी राण्या,
मधोमध एक रुपया, मुकुटावर कडी डाखलेली.
भिंग लावलं. एकोणचाळीस.
खाली टिंब.
माझा श्वास काचेवर उमटला.

खल्फाननं तो लाकडावर टाकला. थप्प.
कडी लावलेलं नाणं खणकत नाही.
जीभ बांधलेली असते त्याची.
मग त्यानं तिला खरं ते सांगितलं.
तो तेवढा धंद्यात वाईट आहे.
"कडी नसती तर यावर एक गाडी आली असती,
जुनी का होईना. आता वजनाचे देतो."

शम्सा हसली. पुढचे दोन दात नव्हते.
"कडी नसती," ती म्हणाली,
"तर माझ्या सासऱ्यानं त्याच संध्याकाळी
याचे खजूर आणले असते.
कडी होती म्हणून गळ्यात राहिला.
आणि विकायचा आहे असं कोण म्हणालं?
नातीचं लग्न आहे. काळा पडलाय.
चमकवून दे."

बाहेर बंदरात कुठलंसं जहाज भोंगा देत होतं.
खल्फान बराच वेळ त्या टिंबाकडे बघत राहिला,
मेलेल्या माणसाची नाडी धरून बसावं तसा.
मग माझ्याकडे वळला.
"बेडणेकर, ती तुझी चिंच आहे का अजून?"

चिंचेला इथे सुबार म्हणतात.
मी बोटभर घेतली, कोमट पाण्यात कालवली,
आणि आधी खिशातला माझा रुपया काढून बघितला:
खाऱ्या हवेनं कडेकडेनं पुन्हा काळा धरलाय.
खल्फान म्हणतो हा काळा तो काळा नव्हे,
गिऱ्हाईक लगेच ओळखतं.
ओळखू दे.

शम्सा स्टुलावर बसून सांगत होती,
"कानाच्या मागे घास नीट,
राजाच्या. तिथे मळ राहतो."