पंच क्रमांक दोन

बेलीफ आला तेव्हा मी काज करत होतो.
"दस्तगीर बाबालाल मुजावर, लेडीज टेलर, तुम्हीच का?"
ब्लाउज बाजूला ठेवला, समन्सवर सही केली,
आणि सही करता करता आठवली
आधीची ती सही.

तीन वर्षं झाली. मार्केट यार्डाचा कोपरा,
गुळाचा टेम्पो, रस्त्यावर फुटलेल्या ढेपा,
माश्या,
आणि चपलांच्या तळव्यांची एक पिशवी,
सगळे तळवे उताणे.
बाईला रिक्षातून सीपीआरला नेलं होतं.
हवालदार म्हणाला, "मास्तर, टेप हाय न्हवं? आणा जरा."
साठ इंची टेप, कापडाची,
तिनं मी डांबर मापलं.
दुभाजकापासून चाक, चाकापासून रक्त,
गुडघ्यावर बसून सात वेळा पुढं सरकत.
मग त्यानं कोरा कागद धरला.
"लिवतो निवांत. तुम्ही करा सही."
दुकान उघडं होतं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
केली.

कापायच्या आधी दोनदा मापावं,
हे मी पोरांना रोज सांगतो.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाकावर बसलेली,
सुगंधा सातपुते, सुभाषनगर.
चपलांना वेण्या घालायची. उजवा हात पदराखाली.
वकीलबाई तिला हिशेब समजावत होत्या:
महिना नऊ हजार धरू (पगाराची चिठ्ठी कुठनं आणणार?),
गुणिले बारा,
वय अडतीस म्हणून गुणिले पंधरा,
आणि त्याचे बावीस टक्के,
कारण सर्टिफिकेटावर अंगठा म्हणजे बावीस टक्के.
"मी शंभर मागणार आहे," वकीलबाई म्हणाल्या.
सुगंधा म्हणाली, "अंगठा दाबून धरतोय,
बोटं नुसती नाचत्यात.
बावीस टक्के वेणी कशी घालायची, बाई?"
हे त्यांनी फायलीच्या पाठीवर लिहून घेतलं.

माझ्या नावाचा पुकारा झाला.
शपथ घेतली. पंखा आवाज करत होता.
विमा कंपनीचे वकील मऊ बोलणारे,
जुन्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं:
"पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा आहेत, अकरा फूट.
म्हणजे ड्रायव्हरनं ब्रेक मारला होता.
बाईच आडव्या आल्या. खाली सही तुमचीच ना?"

माझीच. 'र'ची शेपटी लांब ओढलेली,
घाईत ओढतो तशी.

घसा कोरडा पडला. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं,
ते बंद होतं.
"सही माझी, साहेब," मी म्हणालो,
"मजकूर माघारी जोडलेला.
खुणा नव्हत्या.
असत्या तर मी मापल्या असत्या."

न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला.
"म्हणजे तुम्ही कोऱ्या कागदावर सही केली?"
"व्हय."
टायपिस्टनं तेवढंच मोठ्यानं टाइप केलं:
साक्षीदार कबूल करतो की.
मऊ वकील हसले. "मग तुमच्या सहीवर
आम्ही विश्वास तरी कसा ठेवायचा?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.
तिचा दावा मी उसवला की टाचला, कळेना.
बाहेर पडताना वकीलबाई काहीतरी म्हणाल्या,
"बरं बोललात" की "काय बोललात",
पंख्यात अर्धं हरवलं.

जबानीचा कागद पुढं आला.
मी खिशातला चष्मा काढला
आणि वाचायला बसलो, काना-मात्रेसकट.
'मुजावर'चं 'मुजावार' झालं होतं, दुरुस्त करून घेतलं.
कारकून म्हणाला, "काका, उरका की."
"थांबा," म्हणालो. "तीन वर्षं उशीर झालाय,
आणखी पाच मिनिटं."

पुढची तारीख पडली, दिवाळीनंतरची.
भत्ता मिळाला, रिक्षापुरता.
जिन्यापाशी ती थांबली होती.
माझ्या सहीबद्दल काही विचारेल, वाटलं.
तिनं माझ्या बोटांकडं बघितलं.
"मास्तर, डाव्या हातानं
सुई धरता येती का हो?"

येते, म्हणालो.
दोरा ओवायला मात्र
दुसरं कुणीतरी लागतंय.