समाईक

फोन आंद्रेआस वाल्डनरचा होता.
कारभारी तोच, फोनही त्याच्याच खोलीत.
म्हणाला, "डोरोथेया गेली. परवा पुरायचं."
मग जरा थांबून,
"येणार असशील तर सांग,
स्वैपाकघरात पानांचा आकडा द्यावा लागतो."

मॅनिटोबातला नोव्हेंबर.
नांगरून ठेवलेली काळी जमीन दोन्हीकडे,
मधून रस्त्याची एक रेघ.
एकवीस वर्षांपूर्वी ओढलेली ती रेघ
मी उलटी वाचत गेलो.

तीच घंटा. बदकांचा तोच कलकलाट.
काळ्या रुमालांवर तेच पांढरे ठिपके,
रुमालांखाली मात्र चेहरे बदललेले.
लहानपणी इथं आम्हाला 'माझं' म्हणायची चोरी होती.
चमचा आपला, घोडी आपली,
मध आपला, दाढदुखीचं औषध आपलं,
येर्गच्या अंगात आखूड झालेला सदरा
माझ्या अंगात येईपर्यंतही आपलाच.
आणि शेत विकून थोडे पैसे मागे ठेवणाऱ्या
त्या नवराबायकोची गोष्ट,
प्रेषितांसमोर आधी तो कोसळला,
तीन तासांनी ती,
हिवाळ्यात दर रविवारी, शेकोटी विझत आल्यावर.

तरीही, घराला कडी नसलेल्या या वसाहतीत
पंधराव्या वर्षी प्रत्येकाला एक लाकडी पेटी मिळते.
कुलूपकिल्लीसकट.
का, ते मी कधी विचारलं नाही.
कुणीच विचारत नाही.

"आमच्यात पेटी मुलांनी उघडायची," आंद्रेआस म्हणाला.
आमच्यात.
पूर्वी तो 'आपल्यात' म्हणायचा.

किल्ली येर्गनं फिरवली.
तीन ओढण्या. वडिलांचा चष्मा, एका काचेचा.
शिवणाच्या सुया, गंजू नयेत म्हणून मेणात खोचलेल्या.
आणि तळाशी कॉफीचा डबा.
दोनशे चौदा डॉलर, सगळ्या सुट्या नोटा,
पिसांचा वास येणाऱ्या.

येर्ग पांढरा पडला. खाली बसला.
डिझेलच्या टँकरवाल्याला ती गुपचूप उश्या विकायची,
हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं,
टँकरवाल्याला होतं,
देवाला तर होतंच,
आणि त्यानं तिला एकोणऐंशी वर्षं
उभं राहू दिलं.

डब्याच्या झाकणात एक चिठ्ठी. तिचं अक्षर, बदकांच्या पावलांसारखं:
'एलियास. पँट, कोट, बूट.
वसाहतीला देणं.'

जाणाऱ्यानं काही न्यायचं नसतं.
मी एकोणिसाव्या वर्षी रात्री गेलो
तो अंगावरच्या कपड्यांनिशी.
ते कपडे माझे नव्हते,
हे मी पोर्टेजपर्यंत पोचायच्या आत विसरलो.
ती विसरली नाही.
माझी चोरी फेडायला
तिनं एकवीस वर्षं चोरी केली.

आंद्रेआसनं नोटा दोनदा मोजल्या.
वही उघडली. पेन्सिलीला जीभ लावली.
डुकरांचा रकाना, गव्हाचा, अंड्यांचा,
दवाखान्याचा.
"कशात घालू?" त्यानं विचारलं.
मला नाही. येर्गलाही नाही.
मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला,
"पँट टिकली किती?"
"दोन हिवाळे."
"मेल्कियोर शिवायचा तेव्हा.
आपली शिवण पक्की असायची."

वही तशीच उघडी राहिली.
डब्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही.
जेवणाच्या बाकावर वयानुसार बसतात,
येर्गनंतर थेट त्याचा मेहुणा,
मधे बोटभर फट नाही.
कुणी काही बोललं नाही. बाक करकरला,
सतरा माणसं एकेक वीत सरकली,
शेवटचा म्हातारा भिंतीला टेकला.
शेवयांचं सूप, पाव. चमचा तोच जड.

कबरीवर माती सगळे टाकतात,
तीन-तीन खोरी, मग पुढच्याच्या हाती.
बाहेर उणे अकरा होतं. माझे हातमोजे गाडीत.
माझ्या आधी कोण होतं बघितलं नाही,
दांडा अजून कोमट होता.