खंडाचा गुरुवार

जुना आदेश बुधवारी संपला,
नवा शुक्रवारपासून लागू.
मधला गुरुवार शाळेचा नाही, माझाही नाही.
कागदावर त्याला 'तांत्रिक खंड' म्हणतात.
सात वर्षांत असे तेरा दिवस
कुणीतरी पट्टी लावून कापून घेतले,
सेवा सलग दिसू नये म्हणून.

तर मी घरकुलात, जिन्याखालच्या सावलीत,
अम्मासमोर सूप मांडीवर घेऊन बसलेय.
रात्री भिजवलेली पानं, पत्र्याचा साचा, कात्री.
बी.एड.ची फी याच सुपातून गेली,
हात काही विसरलेले नाहीत.
"दोरा घट्ट, बिड्डा. चेकर छाटतो."

तिला हजारामागे दर,
मला तासामागे.
परीक्षा आली, तास नाही. स्नेहसंमेलन, तास नाही.
गड्ड्याची यात्रा भरली की पोरं पाळण्यात
आणि मी हिशेबाच्या वहीत.

दुपारी यल्लालिंग आला, आठवी ब,
चप्पल हातात, वही पोटाशी.
"मॅडम, आजारी हाव काय?"
मी तंबाखूचे हात पदराला पुसले.
खंड हा शब्द त्याला कसा सांगू?
त्याला बहुपदीचा भागाकार अडला होता.
उंबऱ्यावर बसून सोडवला.
खाली उरते ती बाकी, म्हटलं,
ती लिहायची. पुसायची नाही.
(हा तास कुठल्याच बिलात येणार नाही.)

तो गेल्यावर अम्मा उठली,
पेटीतून तिचं पी.एफ.चं पुस्तक काढलं.
फोटोत ती आजच्या माझ्याएवढी,
सहीच्या जागी अंगठा.
"तू पोटात होतीस. अकरा दिवस
कारखान्यापुढं बसलो आम्ही, तवा हे मिळालं.
तुमच्यात कोण बसलंय?"

शनिवारी पूनम गेटला बसणार आहेत, मी म्हणाले,
मुश्ताकसर, कलशेट्टीबाई, बार्शीकडचे काहीजण.
आणि तू?
मी शंभराच्या मुद्रांकावर लिहून दिलंय
की कायमपदाचा हक्क सांगणार नाही.
मुद्रांकाचे पैसेही माझेच.
तिला मराठी वाचता येत नाही. तेलुगूत सांगितलं.
तेलुगूत ते जास्तच खोटं वाटलं.

अम्मा काही बोलली नाही.
दिवेलागणीला कट्टे मोजले:
माझ्या तीनशे चाळीस, छाट नऊ.
"बरंय," एवढंच म्हणाली,
आणि कोनाड्यातली जुनी सतरंजी
झटकून दाराशी ठेवली.

उद्या मस्टरवर लाल रेघेखाली सही करीन,
सगळ्यात शेवटी, नेहमीसारखी.
खडू धरला की बोटांचा वास
पहिल्या बाकापर्यंत पोचेल.
पोचू दे.